कोडचा दसरा

आमच्याकडे पितरपाट, म्हणजे पितृपक्ष, लागला की बायका एकमेकींना जेवणखाण विचारत नाहीत, "दसरा काढला का?" असं विचारतात. बाहेरच्या माणसाला वाटावं, दसरा काय कपाटात ठेवलेला असतो? तर घट बसायच्या आत घरातली झाडून सगळी भांडी, डबे, गोधड्या, चादरी, पडदे बाहेर काढायचे, धुवायचे, भिंती झटकायच्या, कोपरे खरवडायचे, याला दसरा काढणं म्हणतात. दुपारी जेवून आडवं होणाऱ्या माणसासाठी हे वर्षातले सगळ्यात वाईट दिवस. अंगाखालची गादीसुद्धा ओढून नेतात.

गेल्या वर्षी आमच्याकडे दोन दसरे निघाले. एक घरात, एक कॉम्प्युटरात. घरातला नीट पार पडला.

मी जालन्यात राहतो. आधी पुण्याला होतो. टाळेबंदीत बिऱ्हाड घेऊन आलो, ते इथेच राहिलो. कंपनीचं काम घरूनच करतो, ते पोटापाण्याचं. त्याशिवाय एक काम मी बऱ्याच वर्षांपासून फुकट करतो, आणि नातेवाइकांना समजावता समजावता माझे केस पिकले ते या दुसऱ्या कामामुळे.

प्रोग्रॅम म्हणजे हजारो लहान लहान फायली असतात. त्या जोडून चालता प्रोग्रॅम तयार करावा लागतो. कुठली फाइल आधी घ्यायची, कुठली नंतर, कुठलीचं कुठलीवाचून अडतं, हे ठरवणारं एक साधन असतं, त्याला बिल्ड टूल म्हणतात. लग्नातल्या आचाऱ्यासारखं. डाळ कधी टाकायची, कणीक कधी मळायची, भात शेवटी उतरवायचा, हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. आणि वरणात मीठ कमी पडलं तर तो अख्खा स्वयंपाक पुन्हा करत नाही, वरणापुरतंच पाहतो. आमचं टूलही तेच करतं. जेवढी फाइल बदलली तेवढंच पुन्हा बांधतं. मी हे सगळं एकदा माझ्या आत्याला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे तू आचारी झाला. मी म्हटलं, आचारी नाही आत्या, आचाऱ्याची देखभाल करतो. तिने माझ्या मुलीच्या शिक्षणाचा विषय काढला.

टूल मी लिहिलेलंही नाही. ते ज्याने लिहिलं त्याला मी एकदा त्यातली बारीकशी चूक दुरुस्त करून पाठवली. त्याने आभार मानले, मग आणखी दोन-चार दुरुस्त्या घेतल्या, मग टूलच्या किल्ल्याच माझ्या हातात दिल्या आणि तो जो गेला तो गेला. ओपन सोर्स म्हणजे कोणीही फुकट घ्यावं, आत डोकवावं, मोडलेलं दिसलं तर दुरुस्त करावं. यातलं पहिलं लोक मनापासून करतात.

आमचे बाबा सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसतात. येणारा-जाणारा विचारतो, पोरगं घरीच दिसतं, काय करतं? बाबा सांगतात, "कम्प्युटर झाडूनपुसून ठेवतं. कोणाचा, ते काही मला सांगत न्हाई." माझ्या कामाचं याहून नेमकं वर्णन मला स्वतःलाही जमलेलं नाही.

टूल जुनं होत गेलं तसे वापरणारे पांगले. नवी, चकचकीत टूलं आली. शेवटी मोठं म्हणावं असं एकच गिऱ्हाईक उरलं. नद्यांना पूर कधी येईल, पाणी कुठवर चढेल, याचा अंदाज बांधणारं एक सॉफ्टवेअर. चार देशांतले शास्त्रज्ञ मिळून ते चालवतात. ते सॉफ्टवेअर आमच्या टूलने बांधलं जातं. माझ्या टूलमुळे कोणा गावाला पुराची खबर वेळेवर गेली असेल, असं मी स्वतःशी म्हणायचो. मोठ्याने कधी म्हणालो नाही. बायको समोर असली की अशी वाक्यं घशातच राहतात.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्या प्रमुखाचा निरोप आला. माणूस अतिशय सभ्य. त्याने लिहिलं होतं की तुमचं टूल नव्या यंत्रांवर 'हे जुनं झालं, ते बदला' असे शेकड्याने इशारे ओकतं, टूलमधले अर्धे भाग आज बाजारात नसलेल्या यंत्रांसाठी आहेत, आणि काही भाग असे आहेत की ते काय करतात हे कोणालाच माहीत नाही. वर्षाअखेर आमची नवी आवृत्ती निघते. तोपर्यंत तुम्ही हे साफ केलंत तर आम्ही तुमच्याबरोबर आहोत. नाही तर आम्हाला दुसऱ्या टूलवर जावं लागेल.

त्याचं काहीच चुकत नव्हतं. एका फायलीत मूळ मालकाने लिहून ठेवलं होतं, 'हे का चालतं मला माहीत नाही, हात लावू नका.' मी इतकी वर्षं हात लावला नव्हता. एकच काम तीन ठिकाणी तीन नावांनी केलेलं होतं. जिथे कोणाला काही काढायचा धीर झाला नाही, तिथे नवीन लिहून जुनं तसंच ठेवलेलं. आपल्याकडे जुना मिक्सर बिघडला तरी माळ्यावर जातो, भंगारात जात नाही, तसं.

आणि हे शास्त्रज्ञ गेले की टूल संपलं, हे मला कळत होतं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला आपला हिशोब माहीत असतो. कंपनीत मी जे लिहिलं ते दोन-तीन वर्षांत कोणीतरी पुसून टाकलं. घरात मी ठोकलेला खिळासुद्धा बायकोने काढून दुसरीकडे ठोकला. माझ्या ओळखीबाहेरच्या माणसांनी वापरावं असं एवढं एकच काम माझ्या हातून चालू होतं. ते हातचं जाऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

त्या शास्त्रज्ञांची एक अट होती. केलेला प्रत्येक बदल माझ्याशिवाय दुसऱ्या जाणत्या माणसाने वाचून 'बरोबर आहे' म्हटलं पाहिजे. पुराचा मामला, एकट्याच्या भरवशावर ते काही घेत नाहीत. अशी दुसरी व्यक्ती आमच्याकडे जगात एकच होती. दूर उत्तरेकडच्या थंड देशातल्या एक बाई, निवृत्त शिक्षिका. कितीतरी वर्षं माझं कोड त्या तपासत आल्या. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही, पण त्यांच्या लाल खुणा माझ्या चांगल्या ओळखीच्या. त्यांनी कळवलं, मी नक्की वाचते, फक्त लहान लहान तुकडे करून पाठवा, एका तुकड्यात एकच बदल. आणि वेळेचं बघा. नोव्हेंबर लागला की त्या लेकीकडे राहायला जाणार होत्या आणि या कामातून कायमच्या मोकळ्या होणार होत्या. डोळेही आता साथ देत नाहीत, म्हणाल्या.

मी पहिला तुकडा पाठवला. दोन दिवसांत तपासून परत आला. दुसरा करायला घेतला तेव्हा अडचण दिसली. जो भाग साफ केला, त्याच्यावर विसंबलेले भाग अजून मळकेच होते. साफ आणि मळकं यांची गाठ घालायला मधे तात्पुरतं कोड लिहावं लागत होतं. म्हणजे घाण काढण्यासाठी नवी घाण. मला ते अगदी जिवावर आलं.

नेमके हे दिवस पितरपाटातले. जालन्यात नळाला पाणी येतं ते लांबच्या पाहुण्यासारखं, आठ-आठ दिवस वाट पाहायला लावून. त्यामुळे गोधड्या धुवायला आम्ही दरवर्षी जाफराबादच्या पलीकडे, दादाच्या शेतावर जातो. तिथे बोअरला पाणी आहे आणि दिवसा लाइट असेल तर मोटार चालते. काळीपिवळी जीपमध्ये सगळी बोचकी कोंबून, वर मी बसून, आम्ही गेलो. बायको आणि वहिनी हौदावर गोधड्या आपटत होत्या, मी मोटारीच्या खोलीच्या सावलीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. दादाने एकदा येऊन पाहिलं आणि मदतीला दोन हात कमी पडून राह्यले असं हवेत म्हणून निघून गेला.

तेवढ्यात बायकोने एक न धुतलेलं बोचकं वाळत घातलेल्या गोधड्यांजवळ टेकवलं. वहिनी लांबूनच म्हणाल्या, "ते हिकडं कशाला आणलं? हे धुतलेलं हाय."

"जरासं टेकवलं, ताई."

"टेकवलं म्हंजे लागलंच न्हाई का? मंग धुतलं कशाला? सगळं धुऊन होऊ दे, मंग एकदाच उचलू. अर्धं धुतलेलं घरात न्यायचं न्हाई."

मला, सावलीत बसलेल्या शहाण्याला, त्या क्षणी ज्ञान झालं. हेच तर माझं चुकत होतं. धुतलेलं आणि बिनधुतलेलं एकत्र ठेवू नये. दसरा कधी कोणी तुकड्या-तुकड्याने काढतं का? आज एक पातेलं, पुढच्या आठवड्यात झाकण? सगळं एकदम बाहेर काढायचं, सगळं धुवायचं आणि मगच मांडणीवर लावायचं. परतीच्या जीपमध्ये ओल्या गोधड्यांचा भार मांडीवर घेऊन मी फार खुशीत होतो.

मी टूलची एक वेगळी प्रत काढली आणि तिच्यात कामाला लागलो. बाईंना काही पाठवणं थांबवलं. खोटं कशाला बोलू, ते दिवस फार सुखाचे गेले. कंपनीचं काम उरकलं की मी खुर्ची ओढायचो आणि काढायचो. मेलेल्या यंत्रांचे भाग काढले. एका कामाची तीन नावं होती, तिथे एक ठेवलं. 'हात लावू नका' तिथे हात लावला. आठवडा गेला, पण ते का चालतं हे मला कळलं, आणि कळल्यावर इतकं साधं निघालं की मूळ मालकाला कळवावंसं वाटलं. त्याचा पत्ता कोणाकडेच नाही.

बाई दर आठवड्याला विचारायच्या, वाचायला काही आहे का? मी लिहायचो, थोडं थांबा, सगळं एकदाच देतो. एकदा त्यांनी लिहिलं की मला एकदाच नको आहे. मी मनात म्हटलं, त्यांच्या देशात दसरा कुठला काढत असतील.

घट बसले, उठले. दसरा झाला, सोनं वाटून झालं. नंतर काही दिवसांनी माझं काम पुरं झालं. सगळ्या चाचण्या पास. इशारा एकही नाही. टूल चालवलं की पडद्यावर काही म्हणजे काही उमटायचं नाही, मुकाट्याने बांधून मोकळं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिने पदराला हात पुसत वाकून पाहिलं.

"इथं तर काहीच न्हाई."

"तेच तर."

"मंग इतके दिवस काय करून राह्यले होते?"

ती स्वयंपाकघरात गेली आणि मी सगळं बाईंना पाठवून दिलं. एकच बदल. काही हजार ओळी गेलेल्या, काही हजार ओळी नव्या, शेकडो फायलींमध्ये.

पहिल्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसराही गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. त्यांनी लिहिलं होतं, "हे मला वाचता येत नाही. मी दोन दिवस प्रयत्न केला. कदाचित सगळं बरोबर असेल. पण बरोबर आहे हे मला म्हणता आलं पाहिजे, आणि ते मी म्हणू शकत नाही."

मी लिहिलं, चाचण्या सगळ्या पास आहेत. त्यांनी लिहिलं की चाचण्या आपल्याला आधी सुचलेल्या चुका पकडतात, मला न सुचलेल्या चुकांसाठी वाचायचं असतं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पुढे त्यांनी विचारलं होतं, याचे अजूनही तुकडे करता येतील का?

मी करायला बसलो. एक तुकडा वेगळा काढला की त्याच्यामागे चार ओढले जायचे. ते चार घ्यावेत तर अख्खं. इतकं नीट धुऊन, इतकं घट्ट शिवून ठेवलं होतं की कुठून उसवावं ते सापडेना. ज्या तात्पुरत्या गाठी मला घाणेरड्या वाटल्या होत्या, त्याच प्रत्येक तुकड्याला लागत होत्या, आणि आता त्या नव्याने घालायच्या तर आधीचं मळकं कोड कसं चालायचं ते आठवायला हवं होतं. मी ते आनंदाने विसरलो होतो.

महिना संपला. बाईंचा शेवटचा निरोप दोन ओळींचा होता. इतकी वर्षं तुमचं वाचताना मजा आली, तब्येतीला जपा. मी बराच वेळ उत्तर लिहीत बसलो आणि शेवटी 'तुम्हीपण' एवढंच पाठवलं.

मग दुसरा वाचणारा शोधायला निघालो. जुन्या वापरकर्त्यांना विचारलं. एकाने अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्याचा अर्थ हो की छान की चालू द्या, ते मला आजही कळलेलं नाही. मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच शिकते, दिवाळीला घरी आली तेव्हा तिला दाखवलं. ती बोटाने पडदा सरकवत राहिली, सरकवत राहिली, आणि म्हणाली, "पप्पा, हे कोण वाचणार? एआयला द्या ना." दिलं. त्याने क्षणात वाचलं आणि माझी अशी काही तारीफ केली की आमच्या लग्नातसुद्धा कोणी केली नव्हती. प्रत्येक फाइल उत्तम, प्रत्येक निर्णय विचारपूर्वक. मी ते पुरवाल्या प्रमुखाला कळवलं. त्याने नम्रपणे लिहिलं की आम्हाला माणूस हवा आहे, चूक झाली तर ज्याला विचारता येईल असा.

मुलगी जाताना म्हणाली, तुम्ही आधीच तुकड्यांनी का न्हाई पाठवलं? मी तिला वहिनींचं बोचकं सांगू लागलो. बायको मधेच म्हणाली, "गोधडी अन् तुमचं ते एकच हाय का? आम्ही धुतो तव्हा समोर सगळ्या बाया असतात. कुठं डाग राहिला तर जाऊबाई तिथंच दाखवतात. तुम्ही दार लावून एकट्यानं धुतलं." यावर मी फराळाच्या डब्याचं झाकण लावलं.

प्रमुखाने बोलायला बोलावलं. त्यांची सकाळ, आपली दुपार. पडद्यावर तो एकटाच होता. आधी माझी तब्येत विचारली, मग हवा. मग म्हणाला की आम्ही दुसऱ्या टूलवर जायचं ठरवलं आहे, तुम्ही किती मेहनत घेतलीत ते आम्ही पाहिलं, पण वाचल्याशिवाय घेता येणार नाही आणि थांबताही येणार नाही. मी 'बरोबर आहे' म्हणालो. खरंच बरोबर होतं. बाहेर भोंगा लावून भंगारवाला चालला होता, तो भोंगा प्रमुखाला ऐकू गेला असेल या लाजेने मी माझा आवाज बंद केला, मग पुन्हा चालू केला, आणि तोवर तो निरोपाचा हात हलवत होता.

ती साफ केलेली प्रत अजून माझ्याकडे आहे. कधी उघडून पाहतो. सुंदर आहे. कोणी वापरत नाही.

पण गोष्ट तिथेही संपू दिली नाही त्यांनी. थंडीत त्याच प्रमुखाचा निरोप आला. आम्ही आमच्या सॉफ्टवेअरमधून तुमचं टूल काढायला घेतलं आहे. ते कुठे कुठे बांधलेलं आहे हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. काढताना आमचं काही चुकू नये म्हणून हे बदल तुम्ही वाचाल का?

म्हणजे दुसरी व्यक्ती आता मी.

तुकडे येऊ लागले. लहान लहान, एका तुकड्यात एकच बदल, वर एक स्वच्छ वाक्य: इथून हे काढलं, कारण हे. सकाळी चहाबरोबर वाचून व्हावेत इतकेच. मी वाचत गेलो. इतकं नीट काम मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी त्यांची चूक सापडली. त्यांनी जो क्रम धरला होता, त्याने नव्या पावसाच्या आकड्यांऐवजी जुनेच आकडे घेऊन नकाशा तयार झाला असता आणि कोणाला कळलंही नसतं. मी ते दाखवलं. त्यांनी दुरुस्त केलं, आभार मानले. तो तुकडा पुन्हा वाचला. बरोबर होता. तरी मी 'पास'चं बटण दाबलं नव्हतं, नुसता पाहत बसलो होतो.

बायको चहा घेऊन आली. मला पडद्यासमोर पाहून म्हणाली, "परत काम मिळालं वाटतं."

"मिळालं."

"कोणतं?"

"आपलं टूल काढून राह्यले ते. मी तपासून देतोय."

तिने कप ठेवला, शेजारच्या पलंगावर टेकली. मला वाटलं आता काहीतरी टोला येईल आणि मी तयारही झालो. ती पडद्याकडे पाहत होती, तिला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं.

"बराबर काढून राह्यले का पण?"

"एकदम बराबर."

"मंग करा पास. चहा गार होऊन राह्यला."

मी पास केलं. चहा प्यालो. थोड्या वेळाने पुढचा तुकडा आला, तोही बरोबर होता.